मातीच्या भिंतीला सिमेंट

जबल अली, दुबई

प्रिय मनाली,

मी ठणठणीत आहे. खोलीत आठ जण, फोनवर मनातलं बोलता येत नाही, म्हणून गावी निघालेल्या विश्रामच्या हाती हे पत्र देतोय. आईचा गुडघा कसा आहे?

मध्यंतरी कंपनीची बस आम्हा प्लास्टरवाल्यांना लांब एका खजुराच्या बागेत नेत होती. मालकाच्या आजोबांचं मातीचं घर दुरुस्त करायचं होतं. काय घर आहे! दोन हात जाड भिंती, वर खजुराच्या खोडांचं छप्पर. खजुराची पोती रचायच्या खोलीत जमिनीलाच पन्हळी. पोत्यांच्या भाराने रस आपोआप मडक्यात उतरायचा.

आणि आमचा इंजिनियर म्हणतो, सगळीकडे सिमेंट फासा! एका खोलीला आधी कुणीतरी फासलेलं, तिथली माती आतून पीठ झालेली. मी त्याला हात धरून दाखवलं. तर म्हणे, "तुम इंजिनियर है क्या? यल्ला, चलो, सिमेंट मारो!" माझं डोकंच फिरलं. थापी टाकून दिली. घाबरू नको, नोकरी आहे, फक्त गोदामावर पाठवलंय.

पण मनाली, गेल्या वर्षी आपल्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला सिमेंट नको, असं बाबाजीकाका परोपरीने सांगत होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस! मी इथून फोनवर ओरडलो, "तुम्ही काय इंजिनियर आहात?" आणि सिमेंटच फासायला लावलं. पावसात भिंत पडली, तेव्हा शिव्याही त्यांनाच घातल्या.

त्यांना चहाला बोलाव आणि हे पत्र वाचून दाखव. इंजिनियरपाशी थांबू नकोस, माझ्या ओरडण्यापर्यंत वाच.

सगळ्यांना सांभाळून घेणारीला,
तुझा सुदेश