ब्रतान्यला निघताना

बाई, सप्टेंबरात मी ब्रतान्यला जाते आहे. फ्रान्सच्या त्या पश्चिम टोकाला इथे सगळे ब्रिटनी म्हणतात, पण माझ्या तोंडून अजून ब्रतान्यच निघतं, तेही तुम्ही शिकवलंत तसं, सर्दी झाल्यासारखं नाकातून. काल तिकिटं काढली. ऑकलंडहून पॅरिस म्हणजे मधला मुक्काम धरून दीड दिवस, तिथून आगगाडीनं कँपेर, आणि पुढे भाड्याची गाडी, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची. बरोबर मुलगी आहे, सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर निम्मं इंग्रजीत येतं. लॅपटॉपवर तिथल्या किनाऱ्याचे फोटो बघून म्हणाली, "मम, हे तर पिहा आहे, विथ चर्चेस!" पिहा म्हणजे आमच्या पश्चिमेकडचा किनारा. काळी वाळू, काळे कडे, अंगावर येणारा समुद्र. "पॅरिसला दोन दिवस आणि खडकांवर बारा? व्हाय?" मी म्हटलं, "तिथे माझ्या बाई राहिल्या होत्या." तिनं विचारलं, "कुठल्या बाई?" तेव्हा लक्षात आलं, सोळा वर्षांत मी तिच्यापाशी तुमचा विषयही काढलेला नाही.

आई सध्या आमच्याकडेच आहे, सहा महिन्यांसाठी. ओट्यापाशी मटार सोलत होती. तीच म्हणाली, "अगं, त्या फ्रेंचच्या बाई. उपासाच्या पिठावर अंडं फोडायच्या त्या." मुलगी हसत सुटली, आणि मग मला सगळं सांगावं लागलं.

आठवड्यातून तीन दुपारी मी तुमच्याकडे यायची. पुण्यातला तो दुसरा मजला, स्वयंपाकघरातलं फोल्डिंगचं टेबल, त्यावर व्याकरणाचं पुस्तक आणि शेजारी चिरायला घेतलेली भाजी. हॉलमध्ये तुमचे सासरे झोपलेले असायचे, म्हणून आपण फ्रेंच हळू आवाजात बोलायचो. मला अजूनही ती भाषा मोठ्यानं बोलवत नाही. एका शनिवारी तुम्ही कुट्टूचं पीठ भिजवता आणि धिरड्यासारखं तव्यावर पातळ पसरता. मधोमध अंडं फोडता, चारी कडा आत दुमडता आणि म्हणता, "तिकडे हे असं खातात. चीज नाही मिळालं, अमूलचं घातलंय. खा आणि मला भूतकाळात सांग काय खाल्लंस." मी दोन खाल्ली आणि क्रियापदात चुकले. तुम्ही म्हणालात, "पोट भरलं, वाक्य उपाशी राहिलं. पुन्हा सांग."

त्याच दुपारी तुम्ही ते वर्ष सांगितलंत. तेविसाव्या वर्षी, लग्नाआधी, तिथल्या एका मच्छीमारांच्या गावात शाळेत इंग्रजी शिकवायला गेला होतात. घरमालकीण पहाटे ओहोटीला शंख-शिंपले वेचायला जायची आणि तुम्ही साडी वर खोचून, तिच्या नवऱ्याचे रबरी बूट घालून तिच्यामागून. कड्यांच्या काठाकाठानं एक पायवाट जाते, पूर्वी जकातीचे शिपाई चोरट्या मालावर नजर ठेवत तिच्यावरून फिरायचे. त्या वाटेवर वाऱ्यानं तुमची छत्री उलटी करून समुद्रात नेली, आणि तुम्ही तिथे एकट्या उभ्या राहून मोठमोठ्यानं हसलात. "तसं मी पुन्हा कधी हसले नाही," असं म्हणालात, अगदी साधेपणानं, आणि तवा धुवायला घेतलात. परत का गेला नाहीत, हे मी विचारलं होतं. "राहिलं," एवढंच तुम्ही म्हणालात.

आणि मग तो जूनमधला दिवस. मुलीला मी तो सांगितला नाही. मी कॉम्प्युटरच्या कोर्सला नाव घातलं होतं आणि तुम्हाला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. "दोन वर्षं घातलीस, एक वर्ष थांबली असतीस तर तिकडे जाता आलं असतं," तुम्ही म्हणालात. "मी पत्र लिहून ठेवलं होतं तुझ्यासाठी, त्या शाळेला." मी चोरी पकडल्यासारखी चिडले. म्हटलं, "फ्रेंच शिकून काय करू? तुमच्यासारख्या घरी शिकवण्या घेऊ?" तुम्ही गॅस बारीक केलात. हॉलकडे एकदा पाहिलंत, सासऱ्यांना ऐकू गेलं का म्हणून. मग म्हणालात, "आज तुझं लक्ष नाही. परवा ये." मी परवा आले नाही. त्यानंतरही आले नाही. तुमच्या घरावरून जायला नको म्हणून वर्षभर लांबच्या रस्त्यानं सायकल नेली.

तुम्ही गेल्याचं मला इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला कळलं. नवी नोकरी होती, ऑफिसच्या लंचरूममध्ये डबा खात होते, आणि बरोबर शिकलेल्या मैत्रिणीची मेल आली. समोरच्यानं विचारलं, "यू ओके?" मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज." सगळं झकास आहे, अशा अर्थानं इथे असंच म्हणतात. मग डबा संपवला, आणि मीटिंगला गेले. त्या कॉम्प्युटरनं मला घर दिलं, हा देश दिला. माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते वाक्य. ते मला कुठल्याच काळात दुरुस्त करता येत नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, लॅपटॉपमध्येच राहील. एक मात्र खरंच पाठवलं. तुमच्या त्या गावात एक बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, तिला फ्रेंचमध्ये मेल लिहिली. अख्खा रविवार गेला, मुलगी म्हणत होती, "मम, जस्ट यूज ट्रान्सलेट." नाही वापरलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खोली राखून ठेवते, म्हणाली, पण न्यूझीलंडहून इतक्या लांब आमच्याच गावी का? मी लिहिलं, माझी आई तरुणपणी तुमच्या गावच्या शाळेत वर्षभर शिकवत होती.

शिक्षिकेला काय म्हणतात ते मला आठवत होतं, बाई. पाठवायच्या आधी दोनदा वाचलंही. तसंच ठेवलं.