तिकिटांच्या वहीची पानं

सेलू,
माघ, सन १९४६

प्रिय बसम्मा,

तुझं पत्र मिळालं. टपालाच्या तिकिटांच्या वहीसाठी आणखी पानं छापून पाठवा, चौकटी थोड्या लहान घ्या, असं तू लिहिलंस. याआधी तू पानं मागितलीस तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी मशीन लावलं आणि पुडकं पालमला रवाना केलं. या खेपेला उत्तराला उशीर झाला. तबियत ठीक आहे, काळजी करू नको. पानांखेरीज आणखी एक गोष्ट लिहायची होती आणि तिला हात कसा घालावा ते कळत नव्हतं, एवढंच.

इकडे कापसाचा हंगाम जोरात आहे. स्टेशनापासून सरकी काढायच्या जिनापर्यंत गाड्यांची रांग लागते आणि छापखान्यात अडत्यांच्या पावत्या संपता संपत नाहीत. थंडीत तुझ्या सासूचे गुडघे फार दुखले. तरी सोमवारी महादेवाच्या देवळापर्यंत चालत जातेच. येताना आपल्या रामलिंगच्या समाधीवर बेल ठेवते आणि तिथंच थोडी बसते. मी तिच्याबरोबर जात नाही. दोघं एकदम गेलो की एकमेकांकडं बघावं लागतं.

परवा मशीन पुसताना चौकटीच्या पितळी पट्ट्या हाताला लागल्या आणि मागचं सगळं आठवलं. तू लग्न होऊन आलीस त्याच सुमारास लढाई पेटली आणि विलायतेहून येणारी वहीची छापील पानं बंद झाली. रामलिंगला लहानपणापासून तिकिटांचा नाद. जिनाच्या कचेरीत मुंबईची, जपानची पाकिटं यायची, ती मागून आणायचा आणि पाण्यात भिजवून तिकीट अलगद सोडवायचा. पानं मिळेनात तेव्हा म्हणाला, घरचा छापखाना आहे, आपणच छापू. मला वाटलं, चार रेघा मारायच्या, त्यात काय अवघड. पण पहिलीच पानं बिघडली. शाईतलं तेल कागदात उतरलं आणि प्रत्येक रेघेला पिवळी कड आली. पुढच्या खेपेचा कागद वर्षाच्या आत तांबूस पडला, आणि त्यावर लावलेल्या निजामसरकारच्या तिकिटांना मागून डाग चढले. ते डाग दाखवताना त्याचा चेहरा असा उतरला होता, जणू घरी जेवलेल्या पाहुण्याला आपल्याच अन्नाची बाधा झाली.

मग तो कागदाच्या मागे लागला. माळवदावर निरनिराळ्या कागदांचे तुकडे उन्हात मांडायचा, प्रत्येकाचा अर्धा भाग फरशीखाली झाकलेला. काही दिवसांनी फरशी उचलून, कुठला कागद बदलला आणि कुठला तसाच राहिला, ते तुम्ही दोघं वाकून बघत बसायचात, आणि खालून तुझी सासू हाका मारायची, भाकरी गार व्हायलीत म्हणून. चौकटीचे कोपरे जुळत नाहीत हे पहिल्यांदा तू म्हणालीस. पट्टीला पट्टी भिडते तिथं केसाएवढी फट राहायची, ती आम्हा बापलेकांना दिसलीच नव्हती. रामलिंगनं कानस घेऊन सगळ्या पट्ट्यांची टोकं तिरपी घासली. त्यानंतर निघालेली पानं पुण्याच्या एका डॉक्टरांनी मागवली, मग मुंबईहून मागणी आली. एकानं कार्डावर लिहिलं होतं, की आता विलायती पानांची आठवण होत नाही. ते कार्ड त्यानं आधी तुला वाचून दाखवलं. मी शेजारच्या खोलीत होतो, मला ऐकू आलं.

पुढं लढाईत कागद मिळेनासा झाला. परभणीच्या एका व्यापाऱ्यानं पांढराशुभ्र, चकचकीत कागद देऊ केला. रामलिंगनं त्याला ओलं बोट लावलं, कोपरा फाडून तंतू पाहिले आणि गठ्ठा परत केला. मी म्हणालो, गिऱ्हाईक तर खूश होईल. तो म्हणाला, "आज होईल. धा वर्षांनी डाग उठले तर लोकांनी कुणाला विचारायचं, अप्पा?" हैदराबादेत एकाकडं जुना, चांगला कागद आहे असं कळलं म्हणून तो गेला. कागद घेऊन आला आणि अंगात ताप घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा आहे. गठ्ठा तसाच सुतळीनं बांधलेला कोपऱ्यात पडून होता आणि तू त्याच्या उशाशी बसून होतीस. श्रावणात तो गेला. त्यापुढचं तुला मी काय सांगू.

दिवस झाल्यावर तो गठ्ठा तूच सोडलास. संध्याकाळी मी मशीनवर पाय मारायचो आणि तू पानं उचलून दोरीवर वाळत घालायचीस. खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटायचं. तो कुठंतरी कामाला गेलाय आणि रात्रीच्या गाडीनं येईल, असं वाटायचं. मग तुझे वडील येऊन तुला पालमला घेऊन गेले. जाताना तू त्याची वही मागितलीस आणि आम्ही दिली.

गेल्या महिन्यात परभणीहून एक गृहस्थ छापखान्यात आले. विरूपाक्ष त्यांचं नाव. आपल्यातलेच आहेत, शाळेत मास्तर आहेत. त्यांची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. तुझ्या वडिलांनी तुझ्यासाठी त्यांच्याकडं बोलणं लावलं होतं आणि तू नाही म्हणालीस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. यजमानांची वही पुरी करायची आहे, ती टाकून मला कुठं जाता येणार नाही, असं तू सांगितलंस म्हणे. त्यांनी त्याची तक्रार केली नाही. टोपी मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, "मी आग्रह धरायला आलो नाही. तुम्ही तिला जवळून पाहिलंय. तिला स्वतःला काय आवडतं, तेवढं सांगा."

बसम्मा, मला सांगता येईना. तिला बोटानं कागद ओळखता येतो, असं मी म्हणालो. चौकटीतली फट दिसते, म्हणालो. ते ऐकत राहिले. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की मी सांगतोय ते सगळं रामलिंगच्या कामाचं आहे. चहा घेऊन ते गाडीला गेले.

घरी येऊन मी तुझ्या सासूला तेच विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिला तिकिटाची काई गोडी न्हवती. त्यो बसायचा म्हनून ती बसायची. तिला नदी आवडायची." लग्नाआधी तू गोदावरीत पोहायचीस, पल्याड जाऊन यायचीस, हे तिला माहीत होतं. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तू तिला विचारलंस, इथून दुधना किती लांब हाय. सुनांनी नदीत उतरायचं नसतं, असं ती म्हणाली, आणि तू पुन्हा नाव काढलं नाहीस. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "आपलं लेकरू गेलं. तिला कशाला त्याच्यासंगं पुरायलाव आपून?"

म्हणून मी पानं पाठवत नाही. कागद संपला असं लिहिता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. हैदराबादचा गठ्ठा अजून निम्मा शिल्लक आहे. अजून पांढरा आहे, रामलिंगची पारख चुकली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांना लागतील तशी पानं मी त्यावर छापून देतो, कोपरे जुळवून, शाई बेताची लावून. त्यांना तिकिटं जमवायची आहेत. तुला काय करायचं आहे, हे आम्ही कुणी तुला विचारलंच नाही.

हे पत्र त्यासाठी लिहिलं. आपल्यात पाट लावून दुसरं लग्न करायला बंदी नाही. आमची रजामंदी मी तुझ्या वडिलांना निराळ्या पत्रानं कळवली आहे. शिवरात्र झाली की आम्ही दोघं पालमला येऊ. तुझ्या सासूनं कासाराच्या दुकानात बसून स्वतः हिरव्या बांगड्या निवडल्या. दुकानात रडली नाही, घरी येऊन रडली. त्या हातात भरायच्या की नाहीत ते तू ठरव. मास्तर मला भले वाटले, पण त्यांच्याशीच कर, असं माझं म्हणणं नाही. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, फक्त तो नकार तुझा असू दे. रामलिंगसाठी म्हणू नको. तू दुसऱ्या घरी गेलीस की तो आमच्यासाठी आणखी एकदा जाईल, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. ते आम्ही सोसू. तू सोसू नको.

तुझे मामंजी,
सांबप्पा