तुमच्या कागदावरचा शेरा

लालबाग, मुंबई
गुरुवार, २ फेब्रुवारी १९८४

ती. स्व. गणपतमामांस,
गुणवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. इथे आई आणि मी ठीक आहोत. मामीच्या गुडघ्याला तेलाने आराम पडला का?

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. संपानंतर मिलने तुम्हाला परत घेतलं नाही ते कागदावरच्या शेऱ्यामुळे, आणि तो शेरा आमच्या ऑफिसच्या मॅनेजरसाहेबांनी लिहिला, असं मी कळवलं होतं. सही साहेबांची आहे. शेरा माझा आहे. राधावहिनी, मामांना पत्र तुम्हीच वाचून दाखवता. ही ओळ गाळू नका.

ऑक्टोबरात परत येऊ पाहणाऱ्या कामगारांचे कागद टायपिंगला माझ्याकडे आले. साहेब मराठीत दोन शब्द सांगत, इंग्रजी मी करायचं. तुमचं नाव आल्यावर म्हणाले, "हा गणपत. लूमवर हात चांगला. दोनदा तक्रार घेऊन आला होता. एकदा पिण्याच्या पाण्याची, एकदा त्या बदली कामगाराची बोटं मशीनमध्ये गेली तेव्हा. लिहा."

तुम्ही माझे मामा, हे ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. उद्या कळलं तर भाचीने सांभाळून घेतलं म्हणतील, या धास्तीने मी "हात चांगला" हे टाइपच केलं नाही. आणि दोन तक्रारींच्या जागी 'प्रोक्लिव्हिटी' हा शब्द घातला. तक्रारीकडे याचा कल आहे, असा. साहेब खूश झाले. "इंग्रजी झकास हं तुमचं!" मामा, मला तेव्हा आनंद झाला होता.

नकाराचा कागद घेऊन तुम्ही खोलीवर आलात. "गो, काय लिवल्यानी माझ्याबद्दल?" मी तो शब्द नुसता वाचून दाखवला. तुम्ही हसलात. "एवढो मोठो शब्द माझ्यासाठी? म्हणजे साहेब माका बरो वळखता!" आठवड्याने गावी जायला तुम्ही ट्रंक बांधलीत. मी दोरी धरली होती.

परवा दादरच्या वाचनालयात मोठा शब्दकोश उघडला. कल, ओढ, प्रवृत्ती, आणि बहुधा वाईटाकडची, असे अर्थ दिलेत. खाली बारीक अक्षरांत मूळ आहे. लॅटिनमध्ये 'क्लिव्हस' म्हणजे उतार. त्याला 'प्रो' लागून पुढे झुकलेला उतार. उतारावरची वस्तू आपोआप घरंगळते, कोणाला ढकलावी लागत नाही. तुमच्याबद्दल मी हे लिहिलं. तुम्ही तर दोन्ही वेळा तीन जिने चढून ऑफिसात गेला होतात, आणि दुसऱ्या वेळी तर स्वतःसाठीही नाही. आई नको म्हणत असताना ज्यांनी मला बोटाला धरून शाळेत बसवलं, त्यांचा सगळा स्वभाव मी दोन दिवसांवरून ठरवला.

साहेबांचे शब्द होते तसे, आणि मी त्यांचं काय केलं ते, एका कागदावर लिहून काढलं आहे. आपलं नातंही त्यात लिहिलं आहे. आई म्हणते, "तुजी पण नोकरी जाईल, मग बसा दोघं गावाला." पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते. तुम्हाला परत घेतीलच, असं वचन मी देत नाही.

कागद मॅनेजरसाहेबांच्या हातात देईन. तोवर खाली 'तुमची' लिहायला हात धजत नाही.

सोमवारी, ६ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता.

गुणवंती