यांच्या पायासाठी

१४ सप्टेंबर

करंगळी गेली! बुटात खडा अडकला होता, आणि हे दिवसभर तसेच हिंडले. कळलंच नाही म्हणे. इतक्या वर्षांच्या साखरेनं पाय बधिर झालेत. डॉक्टर म्हणाले, "जखम वर सरकली तर पाऊल काढावं लागेल." हे नुसती मान हलवत होते, पाऊल शेजाऱ्याचं असल्यासारखे.

"अहो, दुखत कसं नाही?"

"नाही ना दुखत!" वर कौतुक.

१६ सप्टेंबर

घरी आणलं. ड्रेसिंगला रोज लता सिस्टर येणार. चांदवडकडची आहे, तोंडाची फटकळ. माझ्याच पावडरच्या डबीतला आरसा यांच्या तळव्याखाली धरून मला शिकवलं — लाली, सूज, बोटांच्या बेचक्या, वास, ताप, सगळं रोज बघायचं. "काकू, दुखायची वाट नका बघू. दुखत नाय, त्याचाच घोर हाय."

जाताना दारात म्हणे, "तुमची साखर कधी बघितली?"

मला कुठला वेळ! या घरात आजारी एक पुरे.

१९ सप्टेंबर

जखमेला वास येतोय. उदबत्ती लावली. तरी येतोच.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

नवस बोलले. नवरात्रभर पायात काही घालणार नाही, रोज कालिकेला चालत जाईन. आई, यांचं पाऊल वाचव.

पुण्याहून आभा फोनवर ओरडली, "आई, बाबांना घरातसुद्धा अनवाणी फिरू देत नाहीस, आणि स्वतः?" म्हटलं, पाय त्यांचा आजारी आहे, माझा नाही! लेकीनं आईला शहाणपण शिकवू नये. फोन ठेवून दिला.

शेजारच्या संपदाताई सोबत होत्या. रस्ता उखडलेला, सगळीकडे खडी. त्या पावलापावलाला "आई गं" करत होत्या. मला काहीच टोचलं नाही! देवीनं नवस ऐकला, दुसरं काय.

२६ सप्टेंबर

यांना ताप. लाली घोट्याकडे चढलीय. डॉक्टरांनी औषध बदललं. सिस्टरनं लालीभोवती पेनानं रेघ मारली — "हिच्या बाहेर गेली की तडक दवाखाना गाठायचा. उद्या बघू, असं म्हणायचं नाय."

सकाळपासून त्या रेघेकडेच बघतेय. गोळी उशिरा घेतली म्हणून यांच्यावर खेकसले, मग ओट्यापाशी जाऊन रडले. राग येतो या माणसाचा. जन्मभर बर्फी लपवून खाल्ली! आणि एका पायावर कसे दिसतील, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

घसा सारखा कोरडा पडतोय. माठ माझ्यासाठीच भरतेय जशी. धावपळ, दुसरं काय.

२७ सप्टेंबर

लाली रेघेवर. देवळात जाऊन आले. मन लागलं नाही.

२९ सप्टेंबर

लाली आत सरकली! सिस्टरला दाखवलं. हसली नाही, पण चहा घेतला. एरवी घेत नाही. दाराबाहेरच्या माझ्या चपलांवर धूळ साचलेली बघून विचारलं, "तुम्ही काय घालता हो काकू?" नवसाचं सांगितलं. कपाळावर हात मारून घेतला तिनं. "उद्या तुमचीपण साखर बघणार. बोट तयार ठेवा." म्हटलं, दसरा होऊ दे.

२ ऑक्टोबर, दसरा

पाऊल वाचलं! डॉक्टर स्वतः म्हणाले. यांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. "घ्या बाई सोनं. दोन्ही पायांचा माणूस देतोय." इतक्या दिवसांनी घरात हसू. नवसही निर्विघ्न पार पडला. आज चपला शोधून ठेवल्या, पण देवळातून आलेले धुळीचे पाय तसेच, न धुता घरभर फिरवले.

३ ऑक्टोबर

सकाळी फरशीवर रक्ताचे डाग. यांना पलंगावर बसवलं, आरसा धरला. पट्टी कोरडी. दुसरा पायही स्वच्छ.

डाग देवघरापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पलंगापर्यंत. माझ्याच मागे.

यांनी माझ्या हातातून आरसा घेतला. माझ्या टाचेत बांगडीची काच, खोल रुतलेली. कडेचं मांस काळं पडलेलं. आजची नाहीच ती.

"अगं, दुखत कसं नाही?"

नाही ना दुखत.