रुपालीच्या हळदीतला भोंगा

संगमनेर,
रविवार, दुपार

तीर्थरूप रखमाजी मामांना गोरक्षचा साष्टांग नमस्कार. (ऑपरेशन ताजं असल्यामुळे पाय मागे घेण्याची धडपड करू नका, नमस्कार लांबूनच आहे.) गुडघा आता कितपत वाकतो? मामींचा डोळा चुकवून तुम्ही गोठ्यापर्यंत जाऊन येता असं कानावर आलं. जाऊ नका, म्हशी तुमच्याविना दूध देतात. राजूरला थंडी कडाक्याची असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे ज्योती खुशाल आहे आणि मी घरात आहे. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं आणि ते डॉक्टरांनी बंद केलंय. शिवाय आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत जातं. म्हणून पत्र.

गुडघ्यामुळे तुम्हाला आपल्या वृषालीताईच्या रुपालीच्या लग्नाला येता आलं नाही. तेव्हा कोपरगावला हळदीत मी काय केलं, ते तुमच्यापर्यंत कोणत्या रूपात पोचलंय कोण जाणे. तुमच्या अकोले तालुक्यात म्हणे अशी बातमी आहे की गोरक्षने साखर कारखाना पेटवला. मामा, तसं काही नाही. कारखाना जागेवर आहे, गाळप सुरू आहे. मी फक्त गिटार वाजवली. म्हणजे वाजवायला गेलो.

मुळापासून सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी बसून ज्योतीला भाजी कशी चिरावी हे समजावत असताना ती म्हणाली, की एखादा छंद लावून घ्या, नाहीतर मी माहेरी जाते. तिच्या मनात बागकाम होतं. मी इलेक्ट्रिक गिटार मागवली. का, ते विचारू नका. कॉलेजात मुलांना मोसमी वारे शिकवता शिकवता माणसाचं डोकं कुठे जाईल सांगता येत नाही. गिटार आली लालभडक. सोबत पाठ्यपुस्तकाएवढा एक अ‍ॅम्प. (अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. इलेक्ट्रिक गिटार त्याच्याविना वाजवली तर पलंगाची स्प्रिंग तुटल्यासारखी वाजते. त्याच्यासह वाजवली तर तेच, पण शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.) मोबाईलवरचा एक गोरापान पोरगा सांगायचा, की ही तीन बोटं अशी ठेवा, आणि बघा किती सोपं आहे. मी तीन बोटं तशी ठेवायचो आणि चौथं आपोआप तिथे यायचं. बोटांची टोकं सोलून निघाली. फळ्यावर खडूने लिहिताना तोंडातून सुस्कारे निघायचे, त्यामुळे अकरावीच्या वर्गाला दख्खनच्या पठाराविषयी मला फार वाईट वाटतं असं वाटू लागलं.

एवढं होऊनही सूर लागेना, तेव्हा मी विचारपूर्वक असा निष्कर्ष काढला की दोष गिटारमध्ये आहे. इंटरनेटवर माझ्यासारखेच निष्कर्ष काढलेले हजारो लोक भेटले. सगळे प्रेमळ. कुणी म्हणालं तारा बदला, मी बदलल्या. (एक तार बसवताना तुटली आणि गालावर बसली. कॉलेजात मी मांजर सांगितलं.) कुणी म्हणालं गिटारच बदला, तीही बदलली. नवी काळी होती, वजनदार होती, गळ्यात अडकवून आरशासमोर उभं राहिलं की मीसुद्धा बरा दिसायचो. वाजवलं की पुन्हा पहिल्यासारखा. मग कुणीतरी पेडल सुचवलं. तुम्हाला सायकलचं आठवेल, पण ही पायाने दाबायची लोखंडी डबी असते. ती दाबली की आवाज चिरफाळतो, फाटतो, करवतीसारखा होतो, आणि त्या गदारोळात चुकलेला सूर कुणाला ओळखू येत नाही. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यासाठी बनवलेली वस्तू मिळाली! त्या आठवड्यात शेजारचे गहिनीनाथराव गेटची तुटलेली बिजागरी घेऊन दारात आले. म्हणाले, ‘‘सर, वेल्डिंग चालूच हाय तर एवढं बी मारून द्या की.’’

आता डबीचा आवाज बाहेर पडायला छोटा अ‍ॅम्प पुरेना, म्हणून मोठा अ‍ॅम्प आणला. तो ठेवायला मधल्या खोलीत जागा होईना, म्हणून गाडीच्या डिकीतच राहिला. आणि म्हणूनच, केवळ म्हणूनच, तो माझ्यासोबत कोपरगावला गेला. (गिटार आणि पेडल मी स्वतः उचलून गाडीत ठेवलं, पण तो मुद्दा वेगळा.)

हळद मंगल कार्यालयातच होती, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. नवऱ्या मुलाकडची निम्मी मंडळी कारखान्यात कामाला. व्याही भिमाजीराव स्वतः बॉयलरवर फोरमन, अंगाने दणकट, बोलणं मोजकं. दिवस मावळला, पंगत बसली, हळद वाटून तयार, पण डीजेचा पत्ता नाही. त्याचा टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकला होता, पुढच्या ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर सांडलेला. पोरंपोरी कंटाळून मोबाईल बघत बसली. तेवढ्यात रुपाली हळदीच्या पाटावरून म्हणाली, ‘‘मामा, तुझी गिटार आहे ना गाडीत?’’ नवऱ्या मुलीने मागितलं आणि मामाने नाही म्हटलं असं कुठे घडतं का? ज्योतीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही, तुम्ही मामींच्या ओळखीचे आहात.

मी अ‍ॅम्प मांडला, बटणं फिरवली आणि पेडल दाबलं. पुढे काय झालं त्याचं कारण मला नंतर वाचून कळलं. गिटार अ‍ॅम्पसमोर धरली की अ‍ॅम्पचाच आवाज तारांत शिरतो, तारांचा अ‍ॅम्पमध्ये, आणि दोघं एकमेकांना चढवत नेतात. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं, की मी तारेला हात लावलेला नाही आणि आधी बारीक, मग जाड, मग सगळं कार्यालय हादरवणारा ‘ऊंऽऽऽ’ असा आवाज निघतोय. घाबरून मी बटण कमी केलं. ते कमी करायचं बटण नव्हतं.

मामा, कारखान्याचा भोंगा पाळीच्या वेळेला होतो. तो अवेळी झाला, तर त्याचा अर्थ एकच, आत काहीतरी घडलंय. पंगतीतली माणसं घास हातात धरून थांबली. कुणीतरी ओरडलं, ‘‘आरं, भोंगा झाला!’’ आणि पंगत उठली. हात न धुता, पायात सापडेल ती चप्पल घालून, पन्नाशीतले गडी मोटारसायकलींकडे पळाले. सगळ्यांत पुढे भिमाजीराव, डोक्याला गुलाबी फेटा, तोंडात बुंदी. मी ‘‘अहो, मी आहे, मी आहे!’’ म्हणून ओरडत होतो, पण गळ्यात वायर असल्यामुळे अ‍ॅम्पपासून लांब जाता येईना. शेवटी ज्योतीने शांतपणे येऊन भिंतीतली पिन उपटली.

 निम्म्या पत्रावळ्या वाढलेल्या, माणूस नाही. ताई खांबाला टेकून रडत होती. मुलाकडचे लोक पंगतीतून उठून गेले, ह्याचा अर्थ मुलीच्या आईला समजावून सांगावा लागत नाही. रुपालीच्या गालावरच्या हळदीतून पाण्याची रेघ उतरली, आणि ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. मामा, इथे मी विनोद करत नाही. गाडी काढून सरळ तुमच्याकडे निघून यावं असं वाटलं. आलो नाही, कारण गाडीपुढे उरलेल्या मोटारसायकली लागल्या होत्या.

कारखान्यात अर्थात काहीच नव्हतं. मंडळी परतली. भिमाजीराव फेटा काखेत घेऊन मांडवात आले आणि म्हणाले, ‘‘कोनी वाजिवला?’’ मी हात वर केला, आमच्या वर्गातली पोरं करतात तसा.  जो तो जमिनीकडे बघतोय. तेवढ्यात त्यांची आई, रतनबाई, खुर्चीतून खाली वाकल्या, हसता हसता त्यांचा श्वास अडकला. म्हणाल्या, ‘‘भिमा, आरं मी हाका मारून मेले तरी तू ताटावरून उठत न्हाईस. ह्या मानसानं तुला फेट्यासकट पळिवला! लई भारी मामा हाय. ए मामा, वाजीव परत, बघू आता कोन पळतंय.’’

भिमाजीराव आईकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. ‘‘वाजवा,’’ ते म्हणाले, ‘‘पन आमी बसल्यावर.’’

पेडल काढून ठेवलं, आवाज अगदी बारीक केला आणि मला येत होती तेवढी हळदीच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली. दुसरी मला येत नव्हती. मी थांबलो, तर ती बायकांनी म्हटली. पुन्हा मी पहिली, पुन्हा त्या दुसरी. आणि आश्चर्य म्हणजे सूर लागत होते. ताईने डोळे पुसून व्याह्यांना हळद लावली. डीजे आला तेव्हा रतनबाईंनी त्याला जेवायला बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं.

लग्न यथासांग पार पडलं. रुपालीच्या सासरी मला आता ‘भोंगा मामा’ म्हणतात आणि तिच्या मोबाईलमध्येही तेच नाव आहे. मोठा अ‍ॅम्प मी दुकानदाराला परत देऊन आलो. छंद संपला. ह्यापुढे कॉलेज आणि घर. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
गोरक्ष

ता. क. : छंद संपला म्हणजे गिटार ठेवलीय. ती विकायला निघालो होतो, पण तिच्या बाजूने विचार केला तर तिची काही चूक नाही.

ता. क. २ : मुख्य लिहायचं राहिलंच. येत्या आठवड्यात तुमच्या नावाने एक पार्सल राजूरला येईल. मध्यम आकाराचा अ‍ॅम्प आहे, अगदी गरीब स्वभावाचा. उतरवून घेऊन माळ्यावर ठेवा. ज्योतीने कधी विचारलंच, तर फवारणीचा पंप आहे म्हणून सांगा.

मामांना ज्योतीचा नमस्कार. ह्यांनी पाकीट डकवायला आणि पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, तर डकवण्याआधी वाचलं. पार्सल खुशाल घ्या, फक्त माळ्यावर नको, ओल येते. हे कॉलेजात गेले की मी रोज ती गिटार काढून बसते. मला आता दोन गाणी अख्खी येतात. ह्यांना बोलू नका, उगाच मनाला लावून घेतील. मात्र ह्या गिटारची मान माझ्या हाताला जाड पडते हो. बायकांच्या हाताला बसेल अशी निमुळती मिळते म्हणे. ती तुमच्याच पत्त्यावर मागवली तर चालेल ना?