दाराबाहेरचा भंडारा

कारेगाव,
मे २००३

प्रिय मच्छिंद्र,

पत्राची रीत म्हणून आधी खुशाली लिहिते. आमच्याकडं सगळी मजेत. ऊन असं तापलंय की इथल्या कंपन्यांतली माणसंसुद्धा दुपारची रस्त्यावर दिसत नाहीत. आप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. आता तू म्हणशील, सुषमे, खुशाली राहू दे, मी पसंत पडलो का, तू पसंत पडलीस का, आई काय म्हणाली ते आधी सांग. जरा दम धर. तुझ्या आईच्या मनात काय आहे ते कळायला मी महिनाभर जीव मुठीत धरून बसले होते, तू दोन पानं तरी बस.

डाळिंबं बोटीनं धाडायचं खूळ तुझंच. दिवाळीत बोटीवरनं सुट्टीला आलास आणि हौसराव मामांच्या पॅकहाऊसच्या ओट्यावर बसून सगळ्या शेतकऱ्यांना सांगितलंस की विमानाचं भाडं परवडत नाही, बोटीनं पाठवा, थंड कंटेनरमध्ये फळ इकडं झोपतं ते थेट रॉटरडॅमला उठतं. मामा डाळिंबवाल्यांच्या गटाचे अध्यक्ष, त्यांना ते झोपणं फारच आवडलं. तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटले, आपलं डाळिंब झोपून परदेशी जाणार. माल तपासायचं काम माझ्याकडं, म्हणून मला वेगळं बसवून समजावलंस की कंटेनर फळ गार करत नाही, आधी गार केलेलं फळ गार ठेवतो, तेव्हा थंड खोलीतून काढलेली पेटी दारात रेंगाळता कामा नये. ते मी पाठ केलं. मग बूट घालता घालता म्हणालास की माल भरायच्या दिवशी आई येईल, तुला बघून जाईल, तिच्या मनास आलं की झालं. आणि गेलास निघून. तुझं हे असंच, कंटेनरवर तासभर आणि लग्नावर बूट घालता घालता.

तर तो दिवस उजाडला. न्हावा शेवाहून कंटेनर आला तसा सगळा गाव गोळा झाला. पांढराशुभ्र, लांबलचक, तोंडाशी घुर्रघुर्र करणारं मशीन. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी तुझ्या आईसाठी जांभळी साडी नेसून आले होते, आणि त्यावर कामाचा पांढरा डगला आन् डोक्याला जाळीची टोपी. दवाखान्यातून पळालेली नवरी दिसत होते अगदी. माल भरताना मशीन बंद ठेवावं लागतं, ते तुला सांगायला नको. पोरांनी हात उचलून काम केलं. आतल्या लाल रेघेच्या वर एक पेटी जाऊ दिली नाही, वरून गार वारा फिरायला पाहिजे ना. मामांना ती मोकळी जागा बघवेना. त्यांच्या कांद्याच्या ट्रकमध्ये बोट शिरायला जागा नसते. 

शेवटची पेटी चढली, एक्साइजचे साहेब सील घेऊन उभे राहिले, मी म्हटलं दार लावा, आणि मामा आडवे आले. पहिल्या मालावर बिरोबाचा भंडारा पडल्याबिगर दार लावायचं न्हाई, आणि तो उधळायचा मान कुशाबाईचा, तिच्या लेकानं ही वाट दाखवली म्हणून. मान रास्तच होता. पण तुझी आई बसली होती इनामगावहून निघालेल्या जीपमध्ये, आणि जीप वाटेत पंक्चर झाल्याचा निरोप मोटारसायकलवरनं आला. बरं, दार तात्पुरतं लावून घ्यावं, तर उघडलेलं दार भंडाऱ्याविना लावणं म्हंजी अपशकुन. सगळे एका तोंडानं हेच म्हणत होते, आप्पासुद्धा.

मग काय, दार सताड उघडं, मशीन बंद आणि झळा आत. मी दारापासल्या पेटीतल्या फळात थर्मामीटर खुपसून बघत होते, आकडा चढतच होता. गटातल्या साऱ्या घरांची वर्षाची मेहनत त्यात होती. एवढा एक कंटेनर बिघडला असता तर पुन्हा कुणी बोटीचं नाव काढलं नसतं. मामांना विनवलं, आप्पांना विनवलं, दोघंही आलीच, आलीच म्हणत रस्त्याकडं डोळे लावून उभे. शेवटी माझं डोकं फिरलं. ड्रायव्हरला म्हटलं, धरा त्या बाजूनं, आणि आम्ही दोघांनी एक दार ओढलं. नेमकी तेव्हाच जीप फाटकातून आत आली. तुझी आई उतरली, हिरवं लुगडं, हातात भंडाऱ्याचं ताट. घाईघाईनं सरळ दाराशी आली आणि मूठ भरली. आता पेट्यांवर हळद उडाली तर तिकडचे लोक असा माल उतरवून घेतील का? मी मध्ये उभी राहिले. तोंडातून निघून गेलं, "मावशी, आत न्हाई. आधी दार लागू द्या, भंडारा बाहेरनं." आणि तिच्या नाकासमोर दुसरं दार लावून टाकलं.

 तुझ्या आईनं मला पायांपासून टोपीपर्यंत बघितलं, बंद दारावर भंडारा लावला, हात जोडले आणि चहा न घेताच जीपमध्ये जाऊन बसली. मशीन सुरू झालं, सील लागलं, गाडी गेली. आप्पा घरी पोचेपर्यंत बोलले नाहीत, आणि पोचल्यावर थांबले नाहीत. सासू व्हायला आलेल्या बाईच्या तोंडावर दार लावणारी पोरगी साऱ्या शिरूर-दौंडात दुसरी सापडायची न्हाई, म्हणाले. मी त्यांना उलट उत्तर दिलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं. खरं सांगते, डाळिंबं नासली असती तरी इतकी रडले नसते. तू आता माझा व्हायचा नाहीस असं वाटलं.

इनामगावहून नंतर ना निरोप ना माणूस. रॉटरडॅमहून फॅक्स मात्र आला. माल उत्तम, फळ ताजं, पुढच्या हंगामात आणखी पाठवा. खाली एक शंका होती, दारावर पिवळं काय आहे, गंज आहे का? मामांनी मला उत्तर लिहायला लावलं की तो आमच्या देवाचा प्रसाद आहे, पाण्यानं जातो, घाबरू नका. मग त्यांनी गावभर पेढे वाटले. दार वेळेवर लावायला आपणच सांगितलं, असं ते आता चारचौघांत सांगतात. सांगू देत. मला तो पेढा काही गोड लागला नाही.

आणि परवा रविवारी तुझी आई एकटीच एसटीनं आली. मी अंगणात भांडी घासत होते, अंगावर जुना ड्रेस, हात राखेनं भरलेले. आप्पांची नुसती तारांबळ. ती ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि आप्पांना म्हणाली, "मेंढरं घिऊन आमी मुलूखभर हिंडलो, भाऊ. सांजंला मेंढरं आत घातली की आधी वाघरीचं तोंड बांधायचं, मग बाकीचं. मी नवी व्हते तवा पाहुणा आला म्हून पाणी द्यायला धावले, वाघरीची जाळी उघडी ऱ्हायली, आन् लांडग्यानं कोकरू नेलं. ह्या पोरीनं माझ्यासाठीबी दार उघडं ठिवलं न्हाई. आशीच सून पायजे मला." मग इतके दिवस का नाही आलात, असं आप्पांनी विचारलं. तर म्हणे, माल पोचल्याचं कळू द्यायचं व्हतं, नासला असता तर सारा गाव माझ्याच उशिराला बोल लावणार, मग कुठल्या तोंडानं मागणी घालणार?

मग तिनं मला राखेच्या हातांसकट जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "पोरी, तुला तरी त्यो पसंत हाय का? सदा पाण्यावर असतो." मच्छिंद्र, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, मामांनी नाही, आणि तू तर नाहीच. मी म्हटलं, मावशी, ह्याचं उत्तर मी त्यालाच लिहिते. ती हसली आणि म्हणाली, लिही, आन् चांगलं खडसावून लिही. म्हणून हे पत्र. तू मला पसंत आहेस. पाबळला वेल्डिंग शिकताना तू माझा तडकलेला गॉगल घालून स्वतःचा मला दिलास तेव्हापासून पसंत आहेस. पण तू न विचारताच उत्तर देणारी मी पहिली आणि शेवटचीच, हे ध्यानात ठेव. बंदर लागलं की पॅकहाऊसला फोन कर आणि मला विचार. फोन हौसराव मामा उचलतील, हलणार नाहीत, सगळं ऐकतील आणि सांजेपर्यंत गावाला कळेल. कळू दे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझीच व्हायला एका फोनचा अवकाश असलेली,
सुषमा