माझाच पत्ता लाल निघाला

चैत्र, बुधवार, दिवेलागण

आज लई हसले मी. नात प्रतीक्षा कॉलेजातून सुट्टीला आलीय, तिनं आमच्या बायांच्या दूध संस्थेसाठी कॉम्प्युटरचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. दुष्काळाचा चारा कुणी कधी न्यायचा, ते संस्था आता ईमेलवर कळवणार हाय. पत्ता चुकला की निरोप हुकला, अन् जनावर उपाशी. म्हणून प्रोग्राम आधी पत्ते तपासतो. बरोबर तो हिरवा, चुकीचा तो लाल.

साऱ्या बायांम्होरं पहिला लाल निघाला कुणाचा? माझाच!

"आज्जी, ईमेलच्या पुढं मुक्काम पोस्ट दिंद्रुड, तालुका माजलगाव कशाला लिहायला लावलंस गं?"

"मग? गाव न लिहिता कागद घरी येतो का कुठं?"

"अगं, हितं पोस्टमन न्हाई!"

बायांनी तोंडाला पदर लावले. शेजारची सुमन म्हणली, "काकू, पिनकोड राहिला की!" मला राग यायला पाहिजे होता ना? न्हाई आला. उलट छाती फुगली. सख्ख्या आजीला लाल करणारा प्रोग्राम, तो दुसऱ्या कुणाची काय भीड धरणार?

गाव काढलं, तालुका काढला, तवा हिरवा झाला. तरी मनात येतच होतं, गावाबिगर मला शोधणार कसं? घरी आले तवा चंद्री म्हैस वाळलं चिपाड चघळत माझ्याकडं बघत होती.

आत्ता फोन टुंग वाजला, संस्थेचा ईमेल आला. उद्या सकाळी चारा न्यायला या म्हणून. गाव न्हाई, तालुका न्हाई, तरी बरोबर माझ्याकडंच आला! गोठ्यात जाऊन आधी चंद्रीला सांगितलं, मग प्रतीक्षाला.